डीनची खुर्ची, चार पीएचडीवाले आणि 'मला माणसं कळतात'

पत्र मोठं होतं, थोडं छाटून देतेय.

"ताई, मी ४७ वर्षांची, मानसशास्त्राची प्राध्यापक. वीस वर्षं स्मरणशक्तीवर काम केलं, गेली तीन वर्षं विभागप्रमुख आहे. आता मला डीनपद देऊ करताहेत, पाच वर्षांसाठी, आणि पुढे आणखी वर जायची शक्यता आहे असंही सुचवलं गेलंय. नवरा म्हणतो घे. माझे गाइड म्हणाले, 'घेतलंस तर तुझं संशोधन संपलं असं समज.' माझ्याकडे चार जण पीएचडी करताहेत. मला पदाचा मोह नाही, पण वाटतं की आयुष्यभर माणसाचं मन शिकवलंय, मला माणसं कळतात, तर हे काम इतरांपेक्षा मला बरं जमेल. की हा माझा भ्रम आहे? कॉरिडॉरमधले मित्रमैत्रिणी आत्ताच जरा जपून बोलायला लागलेत. काय करू? — खडू की खुर्ची"

अगं खडू-खुर्ची, तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंवर येते, प्राध्यापकबाई असलीस तरी.

आधी ते मोहाचं मिटवू. "मला पदाचा मोह नाही" आणि लगेच पुढच्या वाक्यात "मला इतरांपेक्षा बरं जमेल", याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. मोह आहे तर असू दे ना, त्यात लाज कसली! एखादं खातं नीट चालावं आणि ते आपल्या हातून चालावं असं वाटणं हा काही गुन्हा नाही, उलट ज्यांना अजिबातच इच्छा नसते आणि जे "सगळ्यांनी आग्रह केला म्हणून" खुर्चीत बसतात ते पाच वर्षं सगळ्यांवर उपकार केल्यासारखं वागतात, मी पाहिलेत तसे दोन. तर इच्छा आहे हे स्वतःशी कबूल कर म्हणजे पुढचं बोलता येईल.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात मला खटकलेलं एकच वाक्य आहे, "मला माणसं कळतात".

मी पण मानसशास्त्रच शिकवलं, तुझ्यासारखीच विभागप्रमुख झाले आणि मग चार वर्षं त्याच्या वरची खुर्ची सांभाळून परत वर्गात आले. पहिल्याच वर्षी एका जागेसाठी मुलाखती होत्या. एक उमेदवार असा बोलला, असा हसला, आमच्या प्रत्येक प्रश्नाला असं छान वळण दिलं की मी समितीत ठासून सांगितलं, हाच. कागदावर दुसरी मुलगी सरळसरळ वरचढ होती, तिचं बोलणं मात्र अडखळत होतं. बरं, गप्पांसारखी घेतलेली मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज द्यायला किती कच्ची असते आणि सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारून तिथल्या तिथे मार्क दिले तर अंदाज कितीतरी सुधारतो, हे मी स्वतः वर्गात शिकवत होते! त्याच सेमिस्टरला! आणि खुर्चीत बसल्यावर मला वाटलं की ते बाकीच्यांसाठी, मला काय, मला तर माणसं कळतात. दीड वर्षात तो माणूस दोन कोर्स अर्धवट टाकून गेला आणि निस्तरायला मी होतेच.

म्हणून सांगते, आपल्या विषयाचा खुर्चीत उपयोग आहे, भरपूर आहे, फक्त तो समोरच्याला ओळखायला कमी आणि स्वतःला पकडायला जास्त. हे उलटं झालं की आपण बाकीच्या डीनांपेक्षा जास्त धोकादायक, कारण इतरांना निदान शंका तरी असते की आपल्याला माणूस कळला नसेल.

आपल्या विषयातले बरेच जण या वाटेने गेलेत, त्यांच्याकडे बघितलं तरी हे दिसतं. सगळ्यात आधीचा मोठा माणूस म्हणजे जी. स्टॅन्ली हॉल. १८८९ ला क्लार्क विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचा पहिला अध्यक्ष, १८९२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन उभी राहिली तिचाही पहिला अध्यक्ष, १९०९ ला फ्रॉइड आणि युंगला अमेरिकेत बोलावलं तेही यानेच. पण १८९२ हेच साल त्याच्या विद्यापीठासाठी कसलं होतं माहितीये? संस्थापकाने पैशाचा हात आखडता घेतला, हॉलने ते प्राध्यापकांना धड सांगितलं नाही, आश्वासनं देत राहिला, लोकांचा विश्वास उडाला आणि नव्या निघणाऱ्या शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्षाने येऊन त्यातले बरेचसे उचलून नेले. मनाचा अभ्यासक होता ना, तरी एवढं कळलं नाही की वाईट बातमीपेक्षा लपवलेली वाईट बातमी माणसाला जास्त लागते. गंमत म्हणजे त्यानंतरही तो १९२० पर्यंत त्याच खुर्चीत होता, म्हणजे एका चुकीने करियर संपतं असंही नाही.

दुसरा, आपल्या जवळच्या काळातला, पीटर सॅलोवे. याच्याइतकं चपखल उदाहरण नाही कारण 'इमोशनल इंटेलिजन्स' ही कल्पना १९९० मध्ये जॉन मेयरबरोबर शास्त्रीय पेपरात मांडणारा हाच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विभागप्रमुख, मग ग्रॅज्युएट स्कूलचा डीन, मग येल कॉलेजचा डीन, मग २००८ पासून प्रोव्होस्ट म्हणजे सगळ्या शैक्षणिक कारभाराचा आणि बजेटचा माणूस, आणि २०१३ ते २०२४ अध्यक्ष. पायरी पायरीने, एकही न गाळता. आणि तरीही २०१५ मध्ये वंशभेदाच्या प्रश्नावरून विद्यार्थी उठले तेव्हा भावनिक बुद्धिमत्तेच्या या जनकालाही लोकांनी दोन्हीकडून झोडपलं, काहींच्या मते तो फारच नमला आणि काहींच्या मते काहीच केलं नाही. हे मी त्याला हिणवायला नाही सांगत, तर हे समजावं म्हणून की त्या खुर्चीत काही प्रश्न असे येतात जिथे तुझं समोरच्याच्या भावना ओळखणं शंभर टक्के बरोबर असूनही निम्मे लोक नाराजच होणार, कारण भांडण भावनेचं नसून हिताचं असतं. आपल्या लोकांना हे फार जड जातं बघ. आपल्याला वाटतं नीट ऐकून घेतलं की प्रश्न सुटला. नाही सुटत. एक जागा आहे आणि तीन विभागांना ती हवीये, आता ऐक किती ऐकायचं ते.

आणि रॉबर्ट स्टर्नबर्ग. बुद्धिमत्तेवर आयुष्य घातलं, फक्त आयक्यू म्हणजे बुद्धी नव्हे, व्यवहारात वापरायची शहाणपणाची बुद्धी वेगळी असते असं सांगणारा माणूस. टफ्ट्सला डीन, मग ओक्लाहोमा स्टेटला प्रोव्होस्ट, आणि जुलै २०१३ ला वायोमिंग विद्यापीठाचा अध्यक्ष. नोव्हेंबर २०१३ ला राजीनामा. पाच महिने पण नाही! त्याच्या येण्यानंतर वरच्या पदांवरची बरीच माणसं भराभर बाहेर पडली आणि विद्यापीठात अस्वस्थता पसरली. पुढे तो कॉर्नेलला प्राध्यापक म्हणून गेला आणि लिहीत-शिकवत राहिला. मला यातून हे दिसतं की एका ठिकाणी जमलेलं दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं चालत नाही. तू तर तुझ्याच ठिकाणी वर जातेयस, हा तुझा मोठा फायदा आहे, तुला माहितीये कोणाचं कोणाशी कधीपासून वाकडं आहे.

आता उपयोग कुठे होतो ते.

आपण शिकवतो ना, दुसऱ्याची चूक झाली की त्याचा स्वभाव आणि आपली चूक झाली की परिस्थिती, यातल्या पहिल्या निम्म्याला १९७७ मध्ये ली रॉसने 'फंडामेंटल अॅट्रिब्युशन एरर' असं भलंमोठं नाव दिलं पण आपल्याकडे ते सगळंच आधीपासून चार शब्दांत आहे, आपला तो बाब्या. खुर्चीत हे दसपट होतं. एखादा प्राध्यापक तीन वेळा निकाल उशिरा देतो, तुझ्या टेबलावर फक्त तक्रार येते, त्याच्यावर किती वर्ग लादलेत आणि सिस्टिम कितीदा बंद पडली ते येत नाही. तर तक्रार आली की आधी वेळापत्रक मागव, माणूस नंतर. ही एक सवय लावून घेतलीस तरी अर्ध्या डीनांच्या पुढे गेलीस.

दुसरं, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमनचा तो किस्सा तू शिकवतच असशील. इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी त्याला सांगितलं की कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं, आणि याच्या लक्षात आलं की अरे, खूप चांगल्यानंतर साधारण आणि खूप वाईटानंतर साधारण हे तसंही होणारच होतं, झापण्याचा काही संबंधच नाही. डीन झालीस की हाच खेळ तुझ्याबरोबर होणार. एका विभागाचं एक वर्ष फार वाईट गेलं, तू मीटिंगमध्ये आवाज चढवलास, पुढच्या वर्षी आकडे सुधारले, झालं, तुला वाटायला लागलं की आवाज चढवणं कामाचं आहे. चांगल्या भल्या मवाळ माणसांना मी असं कडक होत जाताना बघितलंय.

ज्यूडिथ रॉडिनचं पण सांगायलाच हवं. १९७६ ला एलन लँगरबरोबर तिने वृद्धाश्रमात तो प्रसिद्ध प्रयोग केला, एका गटाला छोटे छोटे निर्णय स्वतः घ्यायला दिले आणि सांभाळायला एक रोपटं दिलं, दुसऱ्या गटालाही रोपटं मिळालं पण त्याची काळजी कर्मचारी घेणार होते, आणि पहिल्या गटातले लोक जास्त आनंदी आणि हालते-बोलते झाले. ही बाई पुढे १९९४ ते २००४ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची अध्यक्ष होती, आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली कायमस्वरूपी नेमलेली पहिली स्त्री अध्यक्ष. तिने तिथे काय काय केलं तो मोठा विषय आहे, पण मला तो प्रयोग डीनच्या कामाला थेट लावावासा वाटतो. विभागांना पैसा तू वाढवून देऊ शकणार नाहीस, तो तुझ्या हातात नसतोच फारसा. पण आहे त्यातला थोडा तरी भाग "तुम्ही ठरवा कुठे वापरायचा, मी विचारणार नाही" असं सांगून देऊ शकतेस. आमच्या इथे मी प्रवासखर्च आणि छोट्या उपकरणांची रक्कम अशी सोडून दिली होती, रक्कम तीच, कटकट निम्म्याने कमी. फक्त मग खरंच विचारायचं नाही हं, नाहीतर रोपटं देऊन रोज पाणी आपणच घालायचं असं होतं.

आणि आपल्या विषयाचं ज्ञान मोठ्या धोरणात लावता येतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं आहे, रिचर्ड अॅटकिन्सन. स्मरणशक्तीवाली तू, तुला अॅटकिन्सन-शिफ्रिनचं १९६८ चं स्मरणशक्तीचं मॉडेल काय सांगायचं! पण तोच अॅटकिन्सन पुढे अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा संचालक झाला, १९८० ते १९९५ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसचा चॅन्सलर आणि १९९५ ते २००३ सगळ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष. २००१ मध्ये त्याने जाहीरपणे म्हटलं की कॉलेजप्रवेशासाठी अमेरिकेत घेतात ती एसएटीची जनरल परीक्षा बंद करावी, मुलं शाळेत प्रत्यक्ष काय शिकलीत ते तपासणाऱ्या परीक्षा घ्याव्यात, आणि एवढा मोठा गिऱ्हाईक हातचा जातोय म्हटल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी २००५ मध्ये परीक्षाच बदलली. चाचणी म्हणजे नक्की काय मोजते हे ज्याला आतून माहिती आहे अशा माणसाच्या हातात सही होती म्हणून हे घडलं. मला विचारशील तर खुर्ची घेण्याचं खरं कारण हे असावं, की एखादी गोष्ट तुला विषयामुळे माहितीये आणि ती चुकीची चालू आहे आणि सही तुझी लागते. तुझ्याकडे अशी एखादी गोष्ट आहे का? पत्रात दिसली नाही. सापडली तर अर्धा निर्णय झालाच समज.

आता गाइड. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते खरं असलेलं निम्मं दुखरं आहे. तू आत्ता करतेस तसं संशोधन, स्वतः डेटा बघणं, रात्री बसून विश्लेषण, ते जाईल. पहिल्या वर्षात तर बंदच. सकाळी नऊला प्लान केलेला दिवस साडेनऊला कोणाच्या तरी भांडणाने किंवा गळक्या छपराने खाल्लेला असतो (छप्पर हा विषय डीनकडे का येतो हे मला चार वर्षांत कळलं नाही). पण "संपलं" म्हणजे काय ते त्यांना विचार. एखादा छोटा धागा चालू ठेवता येतो, एक सहकारी, एक प्रश्न, आठवड्यातला एक अर्धा दिवस, तो कॅलेंडरमध्ये क्लास असल्यासारखा टाकायचा आणि कोणालाही द्यायचा नाही. मी तो दुसऱ्या वर्षी टाकला, पहिल्या वर्षी टाकला असता तर परत आल्यावर मला वाचलेलं परत वाचायला एवढा वेळ गेला नसता.

चार पीएचडीवाल्यांचं मात्र मी अजिबात मऊ बोलणार नाही. त्यांनी तुला निवडलं होतं, डीनला नाही. जे शेवटच्या वर्षात आहेत त्यांना पूर्ण करून दे, दर पंधरा दिवसांनी भेट, ठरलेला दिवस. जे नुकते आलेत त्यांना आजच, म्हणजे होकार द्यायच्या आधी, समोर बसवून विचार की सहमार्गदर्शक हवाय का आणि कोण हवाय. त्यांना ही बातमी कॉरिडॉरमधून कळू देऊ नकोस. हॉलचं सांगितलं ना वर.

कॉरिडॉरमधले लोक जपून बोलायला लागले म्हणतेस, तर ते आणखी जपून बोलणार आहेत. तुझे विनोद अचानक जास्त हसण्यासारखे होतील, तुझ्या कल्पना जास्त चांगल्या होतील, याचा अर्थ तू सुधारलीस असा नाही. मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिसने १९७२ ला ग्रुपथिंकवर, म्हणजे गटात सगळे शंका गिळून माना डोलावतात त्यावर, लिहिलं तेव्हा एक उपाय सुचवला होता की नेत्याने आपलं मत सुरुवातीला सांगू नये. एवढा साधा उपाय आणि पाळणं एवढं कठीण, कारण आपण प्राध्यापक, आपल्याला बोलायची सवय. मी शेवटी हातात पेन धरून बसायचे आणि सगळे बोलून होईपर्यंत त्याचं झाकण उघडायचं नाही असं ठरवलं होतं, पोरकट आहे पण चाललं. आणि एक तरी माणूस असा ठेव ज्याचं प्रमोशन, रजा, खोली काहीच तुझ्या सहीवर अवलंबून नाही, तोच तुला खरं सांगेल. मैत्रिणींपैकी एक-दोघी दुरावतील, तुझी काही चूक नसताना. त्यातली माझी एक परत आली, एक नाही आली.

मोठ्या बैठकीआधी पोटात गोळा येणार, ते सगळ्यांना येतं. दडपणाखाली माणसं का गडबडतात यावर काम करणारी सायन बायलॉक, जी पुढे अमेरिकेतल्या बार्नर्ड कॉलेजची आणि २०२३ पासून डार्टमथ कॉलेजची अध्यक्ष झाली, तिच्या २०११ च्या प्रयोगात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले होते. मी बजेटच्या मीटिंगआधी हे करायचे. कागद नंतर फाडायचा बरं का, डीनच्या टेबलावरचे कागद सगळे वाचतात.

तर घेऊ का? माझं मत, घे. पण होकार देण्याआधी काही गोष्टी लेखी घे, तोंडी नको, तोंडी देणारा माणूस वर्षभरात बदलून जातो. पाच वर्षांनी विभागात परत यायचा हक्क आणि परतताना वर्षभराची संशोधन रजा, कारण तेवढा वेळ लागतोच. तुझ्या लॅबची जागा. शिकवायला एक कोर्स, भले छोटा असेल, पहिल्या वर्षाच्या मुलांचा असेल तर उत्तम, ती मुलं डीनला घाबरत नाहीत. आणि किती जागांवर नेमणुकीचा शेवटचा शब्द तुझा, कितीवर नुसती शिफारस, हे आकड्यात विचार. नुसती शिफारसच असेल तर पद मोठं आणि हात बांधलेले, मग मी नको म्हणेन.

"पुढे आणखी वर" हे मात्र आत्ता कानाआड कर. येलचा जुना अध्यक्ष जेम्स एंजल, १९२१ ते १९३७, हा पण आपल्यातलाच, त्याची तर पीएचडीसुद्धा कधी पूर्ण झाली नव्हती, प्रबंधाची जर्मन भाषा सुधारून परत द्या म्हणाले होते आणि याला दरम्यान नोकरी मिळाली. असल्या वाटा कोणी आधी आखून चालत नाही. आत्ता तुझ्यासमोर डीनपद आहे, तेवढंच बघ.

नवऱ्याला विचार, "घे" म्हणतोस ते संध्याकाळचे फोन धरून म्हणतोस का? आणि त्या चौघांशी बोललीस की मला कळव ते काय म्हणाले, विशेषतः सगळ्यात नवीन जो आहे तो.

— ताई